‘कानून-ए-इस्लाम’ : नांव कायद्याचें, वर्णन रिवाजाचें

जाफर शरीफ यांचा ‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ दक्षिणेंतील मुसलमानी समाजाच्या इतिहासाचा अभ्यास करणाऱ्यांस सुपरिचित आहे. मद्रास सरकारच्या नोकरींतील डॉक्टर हर्क्लॉट्स यांच्या सूचनेवरून व देखरेखीखालीं तो दखनी भाषेंत रचला गेला, आणि त्यांनींच केलेल्या इंग्रजी भाषांतराच्या रूपानें १८३२ सालीं लंडन येथें छापून निघाला. पुढें १९२१ सालीं विल्यम क्रूक यांनीं त्याची फेरमांडणी करून व पुष्कळ भर घालून नवी आवृत्ति काढली. एखाद्या जुन्या कागदांत ‘सांचक’, ‘शबगश्त’ वा ‘जुमागी’ असा शब्द आला व अर्थ लागेना, म्हणजे संशोधकाचा हात या पुस्तकाकडे जातो, आणि तो बहुधा रिता परत येत नाहीं. ग्रंथकाराचा हा उपकार मान्य करूनच पुढील टीका लिहिली आहे.

घोटाळ्यास प्रारंभ नांवापासूनच होतो. ‘कानून’ म्हणजे कायदा. इंग्रजी मुखपृष्ठावर मात्र त्या नांवाखालीं हिंदुस्थानांतील मुसलमानांचे रिवाज असा खुलासा केलेला आहे. एकाच पृष्ठावर वर कायदा व खालीं रिवाज असे दोन भिन्न पदार्थ एका दोऱ्यांत ओंवले गेले. मूळ लेखकाची यांत लबाडी नव्हती. डॉक्टरसाहेबांनीं जें मागितलें तें त्यानें प्रामाणिकपणें दिलें. परंतु पुढील वाचकांनीं मुखपृष्ठावरील वरची ओळ खरी मानली, आणि मुसलमान स्त्रीचे विवाहांतील हक्क काय, या प्रश्नाचें उत्तरही याच ग्रंथांत शोधूं लागले. तें तेथें नाहीं. जें आहे तें उत्तर समजल्यास स्त्रीवर अन्याय होतो व इतिहासावरही होतो, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम ग्रंथांतील विवाहप्रकरणाची घडण पाहूं. मागणी, चोर हळदी व साव हळदी, मेंदी, सांचक, जहेज, रात्रीची मिरवणूक, जलव्याच्या वेळीं वधूवरांचें परस्परांस पाहणें, कांकण सोडणें, आणि त्यानंतरच्या शुक्रवारच्या मेजवान्या, असा हा विस्तार आहे. कोणी काय आणावें, कोणत्या गाण्याच्या वेळीं कोणती थट्टा व्हावी, हें सारें लेखकानें जवळून पाहिलेलें आहे. हळद, कांकण, गळ्यांतील काळ्या मण्यांचा लच्छा यांचीं वर्णनें वाचतांना मराठी वाचकास आपल्याच आळींतील लग्न आठवावें, इतकें तें या भूमींतलें आहे. परंतु ज्या करारानें विवाह सिद्ध होतो तो निकाह या पसाऱ्यांत थोडक्या जागेंत उरकतो. काजी येतो, वधूचा वकील व साक्षीदार पुढें होतात, महराचा आंकडा उच्चारला जातो, आणि लेखणी पुन्हा समारंभाकडे वळते. वधूस काय विचारलें, तिनें काय मागितलें, कागदावर काय लिहिलें गेलें, याविषयीं ग्रंथकारास कुतूहल नाहीं. जें वाजतगाजत होतें तें त्यानें टिपलें. जें कागदावर मुकाट्यानें होतें तें सुटलें.

आतां शास्त्र काय सांगतें तें पाहावें. इस्लामी शास्त्राप्रमाणें निकाह हा करार होय. त्यांत दोन्ही पक्षांचा होकार, साक्षीदार व महर यांस महत्त्व आहे. महर हें वधूच्या वडिलांस द्यावयाचें मोल नसून खुद्द वधूची मालमत्ता होय. तो स्त्रियांना त्यांच्या हातीं द्यावा, अशी आज्ञा कुराणाच्या चौथ्या सूरेच्या प्रारंभीं, चौथ्या आयतींत, आहे. त्याच सूरेच्या एकोणिसाव्या आयतींत स्त्रियांचा, त्यांच्या इच्छेविरुद्ध, वारसा घेण्यास मनाई केली आहे. बापानें संमतीविना लावून दिलेलें खन्सा बिन्त खिदाम हिचें लग्न पैगंबरांनीं रद्द केलें, आणि साबित बिन कैस याच्या पत्नीस महरांत मिळालेली बाग परत करून मोकळें होऊं दिलें, हीं दोन वृत्तें बुखारीच्या संग्रहांत आहेत. दुसऱ्या वृत्तांत खुलअ या सुटकेच्या मार्गाचें मूळ आहे. विवाहसमयीं स्त्रीस दिलेल्या शर्ती सर्वांआधीं पाळण्याजोग्या होत, अशा आशयाचें वचनही त्याच संग्रहांत सांपडतें.

या शास्त्राशेजारीं रिवाज ठेवला म्हणजे अंतर किती पडलें तें कळतें. महराचेंच घ्या. पुष्कळ घराण्यांत महराचा आंकडा प्रतिष्ठेसाठीं भला मोठा बांधावयाचा व तो पुढें बायकोकडून माफ करवून घ्यावयाचा, मग तें पहिल्या रात्रीं असो कीं नवऱ्याच्या मृत्युशय्येपाशीं असो, ही चाल रुळली. शास्त्रानें जें तिचें ऋण ठरविलें, तें न मागणें हें रिवाजानें तिच्या कुलीनतेचें लक्षण ठरविलें.

दुसरें उदाहरण अधिक बोलकें आहे. ‘बीबी की सहनक’ या नांवाचा एक विधि लग्नाच्या व इतर मंगल प्रसंगीं स्त्रिया करीत. पैगंबरकन्या बीबी फातिमा यांच्या नांवानें वाढलेल्या ताटाचा तो प्रसाद. जाफर शरीफ ज्या काळीं लिहीत होता त्याच काळचे सुधारक, १८३१ सालीं बालाकोट येथें मारले गेलेले शाह इस्माइल, यांनीं आपल्या ‘तक्वियतुल ईमान’ या पुस्तकांत या विधीवर टीका केली आहे. कारण या ताटांतील अन्न पुरुषांनीं खाऊं नये, दासीनें खाऊं नये, आणि जिनें दुसरा नवरा केला तिनेंही खाऊं नये, असा निर्बंध असे. आतां बीबी फातिमा यांच्या मातोश्री खदीजा यांचा विचार करावा. पैगंबरांशीं विवाह होण्यापूर्वीं त्या विधवा होत्या. तो त्यांचा पहिला विवाह नव्हता. म्हणजे कन्येच्या नांवच्या ताटावर खुद्द मातेस बसतां आलें नसतें! शाह इस्माइल यांचे गुरु सय्यद अहमद बरेलवी यांनीं भावाच्या विधवेशीं निकाह लावून या समजुतीवर घाव घातला, तो उगाच नव्हे. विधवेच्या पुनर्विवाहास शास्त्राची आडकाठी मुळींच नव्हती. ती शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या उच्चवर्णीय चालीरीतींची होती.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल कीं, मग निर्णय सोपा आहे. शास्त्र चांगलें व रिवाज वाईट. आमचें म्हणणें तसें नाहीं, आणि याच ठिकाणीं सावध राहिलें पाहिजे. हिंदुस्थानांत बहुतांशीं चालणाऱ्या हनफी पंथाच्या ग्रंथांप्रमाणें तलाकचा अधिकार एकट्या नवऱ्याच्या जिभेवर आहे. अज्ञान मुलीचें लग्न तिचा बाप लावूं शकतो. नवरा बेपत्ता झाला, मारहाण करूं लागला वा पोटास देईना, तरी त्या ग्रंथांच्या आधारें बायकोस न्यायालयाकडून सुटका मिळणें अतिशय कठीण होतें. कुमारिकेचें मौन ही संमति समजावी, असा नियमही शास्त्रांतच आहे. रिवाजानें तो ताणून, मौनापलीकडे तिला कांहीं उरूं दिलें नाहीं, एवढेंच. तेव्हां शास्त्र व रिवाज या दोहोंच्या चिमट्यांत सांपडलेल्या स्त्रीस वाट कोठून मिळे? ती मिळे तिसऱ्याच वस्तूंतून, म्हणजे दस्तांतून. ‘कानून-ए-इस्लाम’ वाचणाऱ्यास जी वस्तु दिसतच नाहीं ती हीच.

पॅरिस येथील राष्ट्रीय ग्रंथालयांत सुरत बंदराच्या फारसी दस्तांचा एक संग्रह आहे. त्यांतील कागद अकबराच्या उत्तरकाळापासून शाहजहानच्या कारकीर्दीपर्यंतचे आहेत, व शिरीन मूसवी यांनीं त्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला आहे. त्यांत जे निकाहनामे आहेत त्यांत नवऱ्याकडून चार शर्ती लिहून घेतलेल्या आढळतात. ही बायको असतां दुसरें लग्न करणार नाहीं. हिला मारहाण करणार नाहीं. ठराविक मुदतीपेक्षां जास्त काळ हिला खर्चावांचून टाकून जाणार नाहीं. आणि घरांत दासी ठेवून तिच्याशीं संबंध करणार नाहीं. शर्त मोडल्यास बायकोस विवाहबंधनांतून मोकळें होण्याचा अधिकार राही, आणि दासीच्या बाबतींत तिला विकण्याचा वा मुक्त करण्याचाही. एका दस्तांत तर नवऱ्यानें दारू न पिण्याची कबुली काजीपुढें लिहून दिली आहे.

या शर्तींचें कायदेशीर मर्म लक्षांत घेण्यासारखें आहे. हंबली पंथाप्रमाणें अशी शर्त थेट बंधनकारक होते. हनफी पंथांत, दुसरी बायको न करण्याची नुसती कबुली नवऱ्यास बांधीत नाहीं. म्हणून दस्त लिहिणाऱ्यानें शब्दरचना निराळी केली. नवऱ्यानें अमुक केल्यास तलाकचा त्याचा स्वतःचा अधिकार बायकोच्या हातीं जाईल, असें लिहिलें म्हणजे हनफी काजीसही तें मान्य करावें लागे. यास शास्त्रकार ‘तफवीज’ म्हणतात. शास्त्रानें नवऱ्यास दिलेलें हत्यार दस्तानें करारपूर्वक बायकोच्या हातीं दिलें. शास्त्र मोडलें नाहीं व स्त्री उघडी पडली नाहीं. ही युक्ति सुरतेच्या व्यापाऱ्यांनींच काढली असेंही नव्हे. आठव्या शतकांतील अब्बासी खलीफा मन्सूर याच्याकडून त्याची पत्नी उम्म मूसा हिनें दुसरी बायको वा दासी न करण्याचा करार लिहून घेतला होता, असें इतिहासकार सांगतात. आणि तिच्या कैरवान या गांवच्या निकाहनाम्यांत अशी शर्त घालण्याची चाल पुढें शतकानुशतकें टिकली. म्हणजे रिवाजही सर्वत्र स्त्रीच्या विरुद्धच उभा होता असें नाहीं. कैरवानांत तो तिच्या बाजूनें साक्षीस उभा राहिला.

येथें एक आक्षेप संभवतो. सुरत हें श्रीमंत बंदर. तेथील चार कागदांवरून साऱ्या देशाचा निष्कर्ष कसा काढावा? आक्षेप रास्त आहे. दौलताबाद, विजापूर वा अहमदनगर येथेंही घरोघर चार शर्ती लिहिल्या जात, असें आम्ही म्हणत नाहीं. म्हणणें इतकेंच कीं, ‘कानून-ए-इस्लाम’च्या दोनशें वर्षें आधीं, त्याच हनफी शास्त्राखालीं, पश्चिम किनाऱ्यावरील स्त्रिया आपल्या विवाहाच्या अटी लिहून घेत होत्या, व काजी त्यांवर मोहोर करीत होता, हें सिद्ध आहे. दक्षिणेंत तसें होत नव्हतें असें म्हणावयाचें तर तेंही कागदांवरूनच म्हणावें लागेल. ज्या ग्रंथानें कागद पाहिलेच नाहींत त्याच्या मौनावरून नव्हे.

मग हा दस्त विस्मृतींत कसा गेला? त्याचा दोष एकट्या जाफर शरीफाच्या पदरीं बांधतां येत नाहीं. १७७२ सालीं वॉरन हेस्टिंग्जनें विवाह, वारसा इत्यादि बाबतींत मुसलमानांस कुराणाचा कायदा लावावा असा नियम केला. कायदा म्हणजे ग्रंथ, अशी समजूत त्या वेळेपासून रूढ झाली. मर्घिनानीचा बाराव्या शतकांतील ‘हिदाया’ हा अरबी ग्रंथ फारसींत आणवून त्यावरून चार्ल्स हॅमिल्टन यानें १७९१ सालीं इंग्रजी केला, व न्यायाधीशांच्या मेजावर तो येऊन बसला. दुसरीकडे १८४७ सालीं मुंबईच्या सुप्रीम कोर्टांत सर अर्स्किन पेरी यानें खोजा व मेमन यांच्या दाव्यांत मुलींस वारसा न देणारी जातीची चालच ग्राह्य धरली, मग कुराण कांहींही म्हणो. म्हणजे न्यायालयापुढें दोनच साक्षीदार उभे राहिले, एक अरबी ग्रंथ व दुसरा जातीचा रिवाज. स्थानिक काजीच्या हातचा दस्त हा तिसरा साक्षीदार मागें सरला. १८६४ च्या कायद्यानें सरकारी काजींचीं पदें रद्द झालीं, तीं १८८० च्या कायद्यानें अंशतः परत आलीं. परंतु मधल्या काळांत कित्येक दफ्तरांचा धनी कोण, हेंच ठरेनासें झालें. दस्त सर्वथा मेला मात्र नव्हता. १८८२ सालीं कलकत्ता हायकोर्टानें, करारनाम्यांतील शर्त मोडली म्हणून बायकोनें स्वतः घेतलेला तलाक वैध ठरविला. बंगालच्या काबीननाम्यांनीं ही परंपरा जिवंत ठेविली होती.

पुढील कायदे या दृष्टीनें वाचण्याजोगे आहेत. १९३७ च्या शरीयत कायद्यानें विवाह, महर, तलाक इत्यादि बाबतींत रिवाजाऐवजीं शरीयत लागू केली. शेतजमीन मात्र वगळली, आणि तेवढ्यापुरता रिवाज मुलींच्या वारशावर बसून राहिला. १९३९ च्या कायद्यानें नवरा चार वर्षें बेपत्ता असणें, दोन वर्षें पोटगी न देणें, क्रूरता इत्यादि कारणांवरून बायकोस न्यायालयांतून सुटका मागण्याचा हक्क दिला. यासाठीं हनफी ग्रंथ सोडून मालिकी पंथाचा आधार मौलाना अश्रफ अली थानवी यांनीं आधींच शोधून ठेवला होता. सुरतेच्या निकाहनाम्यांतील तिसरी व दुसरी शर्त तीनशें वर्षांनीं कायद्याचें कलम होऊन परत आली, असें म्हटल्यास अतिशयोक्ति होणार नाहीं. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें एका दमांतील तिहेरी तलाक अवैध ठरविला, व २०१९ च्या कायद्यानें तो गुन्हा ठरला. मुंबईंत १९६६ सालीं हमीद दलवाई यांनीं सात स्त्रियांचा मोर्चा काढून जी मागणी केली होती तिचा एक अंश अशा रीतीनें पदरांत पडला. दस्ताचा प्रश्न मात्र अजूनही सुटलेला नाहीं. पाकिस्तानांत १९६१ च्या वटहुकुमाखालील निकाहनाम्याच्या छापील नमुन्यांत अठरावा रकाना आहे; नवऱ्यानें तलाकचा अधिकार बायकोस दिला आहे काय, हें त्यांत लिहावयाचें. पुष्कळ ठिकाणीं वधूस न विचारतांच त्यावर रेघ ओढली जाते. शास्त्र अनुकूल, कायदा अनुकूल, छापील रकाना समोर, आणि रिवाज एका फराट्यानें तिघांचेंही काम रद्द करतो. जाफर शरीफाच्या ग्रंथांत निकाहाला जेवढी जागा मिळाली, तेवढीच त्या रकान्याला तेथील मांडवांत मिळते.

क्रूकच्या आवृत्तीविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. त्यानें उत्तरेकडील व इतर प्रांतांतील माहिती मूळ मजकुरांत अशी मिसळली आहे कीं, कोठलें वाक्य दखनी लेखकाचें व कोठलें संपादकाचें हें ओळखणें कठीण होतें. दक्षिणेचा पुरावा म्हणून ज्यास हा ग्रंथ वापरावयाचा आहे त्यानें १८३२ ची आवृत्तिच हातीं धरावी. आणि मूळ दखनी पाठाची प्रत कोणाच्या संग्रहीं असल्यास ती प्रकाशांत आणावी. भाषांतराच्या पडद्यामागें लेखकानें ‘रस्म’, ‘शरअ’ व ‘कानून’ हे शब्द कोठें कोठें वापरले, यावर बरेंच अवलंबून आहे.

शेवटीं संग्राहकांस एक विनंति. मराठी अंमलांतही काजींचीं वतनें चालू होतीं, आणि अशा घराण्यांचीं रुमालें आजही विक्रीस वा रद्दींत येतात. सनद, इनामपत्र, बादशाही मोहोरेचा कागद उचलला जातो, आणि कोण्या अज्ञात माणसाचा निकाहनामा, त्यांत राजाचें नांव नाहीं म्हणून, बाजूस पडतो. हें प्रस्तुत लेखकानें डोळ्यांनीं पाहिलें आहे, व एके काळीं स्वतः केलेंही आहे. असा कागद हातीं आल्यास चार गोष्टी टिपून ठेवाव्यात : महर किती व कोणत्या नाण्यांत, वधूच्या वतीनें कोण बोललें, शर्ती आहेत काय, आणि पाठीवर वा समासांत महर पोंचल्याची वा माफ केल्याची नोंद आहे काय. वाचनांत एका अक्षराची विशेष काळजी घ्यावी. मागतांक्षणीं द्यावयाचा महर व मृत्यूच्या वा तलाकच्या वेळीं द्यावयाचा महर, या दोहोंस कानाला एकच वाटणारा ‘मुअज्जल’ हा शब्द आहे. एकांत ऐन हें अक्षर, दुसऱ्यांत हमजाचा वाव. घाईनें लिहिलेल्या शिकस्त्यांत नक्कल करणाऱ्याची नजर चुकली तर बायकोचा आजचा हक्क विधवेचा हक्क होऊन बसतो, व ती चूक पुढें छापील ग्रंथांतही जाते.

‘कानून-ए-इस्लाम’ हा ग्रंथ यापुढेंही वापरावा. हळदीचे, मेंदीचे, मिरवणुकीचे दिवे त्याच्याइतके दुसऱ्या कोणी लावले नाहींत. परंतु त्या उजेडांत पडद्याआडची वधू दिसत नाहीं. तिनें काय मागितलें व तिला काय लिहून मिळालें, तें काजीच्या रुमालांतील दुमडलेल्या कागदावर आहे, आणि तो उलगडेपर्यंत या ग्रंथाच्या नांवांतील ‘कानून’ हा शब्द कर्जाऊ समजावा.